काट्यावरचा जुना प्रिंटर: दुहेरी ओळ, तिरपी अक्षरं आणि वर सरकणारी पावती

भाऊ, तुमची अडचण आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे पुढचं बोलणं कशाबद्दल आहे ते दुसऱ्या कुणी वाचलं तरी कळेल. वणीच्या बाजूला जिनिंगला (कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्याला) लागून तुमचा वजनकाटा आहे. ऐन कापसाच्या हंगामात प्रिंटर बसला, म्हणून एका पतसंस्थेनं माळ्यावर टाकलेला जुना डॉट मॅट्रिक्स तुम्ही उचलून आणला: ९ पिनांचा, ८० कॉलमचा, एप्सन पद्धतीच्या आज्ञा घेणारा, मागच्या बाजूला बारक्या पांढऱ्या स्विचांच्या दोन पट्ट्या असलेला. तो चालतो, पण दर ओळीनंतर एक ओळ रिकामी सोडतो. चौकटीच्या रेघांच्या जागी तिरपी इंग्रजी अक्षरं येतात. दर पावतीला छपाई इंचभर वर सरकत जाते. तुम्ही संध्याकाळी सगळे स्विच आलटून-पालटून पाहिले, काहीच फरक पडला नाही. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी नंबराआधीच्या # च्या जागी आपोआप £ यायला लागला. प्रिंटर भंगारात द्यायचा का, असं विचारलंत.

देऊ नका. यात प्रिंटर खराब झाल्याची खूण कुठंच दिसत नाही. सुया मारून राहिल्या आहेत, कागद ओढला जातोय, अक्षर स्वच्छ उमटतंय. चुकतंय ते तिघांचं आपसातलं बोलणं. प्रिंटरची एक समजूत आहे, काट्याचा प्रोग्राम दुसरंच गृहीत धरून सांगतोय, आणि मधली केबल कधी कधी पदरचं काही घालते. मी आर्वीला राहतो. १९९० च्या दशकापासून वर्धा, यवतमाळ, अमरावती या पट्ट्यातले प्रिंटर उघडत आलोय. जिनिंग, पतसंस्था, अडत्यांच्या गाद्या, काटे, सगळीकडे हेच पाहिलं की जुना प्रिंटर नव्या जागी आला की आधी त्याच्यावर 'खराब' असा शिक्का बसतो. प्रत्यक्षात तो आधीच्या मालकाच्या सवयीनं वागत असतो.

सकाळच्या त्या £ नंच तुमचं अर्धं कोडं सुटतं. मागचे ते बारके पांढरे स्विच, ज्यांना डिप स्विच म्हणतात, ते प्रिंटर सतत वाचत नाही. बटण दाबून प्रिंटर सुरू झाला की त्या क्षणी तो स्विचांकडे एकदा पाहतो, तशी समजूत करून घेतो आणि मग दिवसभर त्यावरच चालतो. तुम्ही चालू प्रिंटरवर स्विच हलवले, म्हणून संध्याकाळी काही घडलं नाही. सकाळी बटण दाबलं तेव्हा त्यानं नवे स्विच वाचले आणि तुमच्या न कळत देश बदलून इंग्लंडच्या अक्षरांवर गेला. म्हणून पहिला नियम हाच: प्रिंटर बंद करा, एकच स्विच हलवा, दहा-पंधरा सेकंद थांबा, मग सुरू करा. दोन स्विच एकत्र हलवले तर फरक कोणत्या स्विचनं पडला ते कळत नाही.

आणि काहीही हलवण्याआधी आत्ता कोणता स्विच कुठं आहे ते लिहून ठेवा. मोबाईलनं फोटो काढला तरी चालेल, पण पट्टीवरचा 'ऑन' हा शब्द फोटोत दिसला पाहिजे. काही पट्ट्यांवर 'ऑन' नसतं, 'ओपन' लिहिलेलं असतं, आणि ओपन म्हणजे ऑफ. सर्किट उघडं आहे, असा त्याचा अर्थ. स्विचची बाजू उलटी वाचल्यामुळे सगळं काम उलटं झालेलं मी पाहिलंय. स्विच हलवायला पेन्सिल वापरू नका. तिच्या शिसाची पूड आत पडते, आणि ती वीज वाहून नेते. बारीक पेचकस घ्या, नाहीतर बाभळीचा वाळलेला काटा घ्या, तो उत्तम चालतो.

लिहून न ठेवल्याचा फटका मी स्वतः खाल्लाय. सुरुवातीच्या वर्षांत एका जिनिंगच्या काट्यावर असाच प्रिंटर होता. ऑफ म्हणजे कारखान्यातली मूळ स्थिती असं धरून मी सगळे स्विच ऑफ केले. दुहेरी ओळ गेली आणि मी खुशीत घरी आलो. एप्सनच्या त्या काळातल्या बऱ्याच ९ पिनी मॉडेलांत देशासाठी पहिल्या पट्टीतले ६, ७ आणि ८ असे तीन स्विच असतात. तीन स्विच म्हणजे आठ जोड्या, आठ देश. तिन्ही ऑन असले तर अमेरिका, आणि तिन्ही ऑफ असले तर स्पेन. स्पेनच्या तक्त्यात चौकोनी कंसाच्या जागी उलटं उद्गारचिन्ह आणि उलटं प्रश्नचिन्ह येतं. त्या काट्याच्या पावतीवर निव्वळ वजन चौकोनी कंसात छापायची पद्धत होती. दुसऱ्या दिवशी एक म्हातारे शेतकरी पावती हातात धरून उभे होते. म्हणाले, "बापू, माह्या वजनापुढे हे काय लावलं?" रात्रभर ट्रॉलीवर झोपून नंबर लावलेला माणूस होता तो. त्याच्या वजनापुढे प्रश्नचिन्ह छापलं गेलं होतं, आणि ते माझ्या हातानं झालं होतं. काट्याची पावती म्हणजे त्या माणसाकडे उरलेला एकमेव कागद. माल गंजीत मिसळला की परत मोजता येत नाही. तेव्हापासून वहीत नोंद केल्याशिवाय मी स्विचला हात लावत नाही.

तुमच्या £ चा इलाज याच तीन स्विचांत आहे. याच मॉडेलांत ६ ऑन, ७ आणि ८ ऑफ म्हणजे इंग्लंड. तिन्ही ऑन करा, बंद करून चालू करा, # परत येईल. झाकणाच्या आतल्या बाजूला किंवा तळाला स्विचांचा तक्ता चिकटवलेला असेल तर माझ्यापेक्षा त्याचं ऐका, कारण मॉडेल बदललं की क्रम बदलू शकतो. आणि तुमच्या पोरानं ₹ चं चिन्ह छापायचा प्रयत्न केला असेल तर तो सोडून द्या. ते चिन्ह २०१० साली आलं. या प्रिंटरच्या रॉममधली, म्हणजे कारखान्यात कायमची भरलेली, अक्षरं त्याच्या कितीतरी आधीची. 'रु.' लिहा.

आता दुहेरी ओळ. यात जरा सावकाश जाऊ, कारण बहुतेक लोक इथंच चकतात.

ओळ संपली की दोन वेगळी कामं व्हावी लागतात. सुयांचं छपाईचं हेड डाव्या कडेला परत यायचं, आणि कागद एक ओळ पुढं सरकायचा. पहिल्या आज्ञेला कॅरेज रिटर्न म्हणतात, तिचा आकडा १३. दुसरी लाइन फीड, तिचा आकडा १०. काही प्रोग्राम दोन्ही पाठवतात, काही फक्त १३ पाठवतात आणि कागद सरकवायचं प्रिंटरवर सोडतात. यासाठी प्रिंटरला ऑटो लाइन फीडचा स्विच दिलेला असतो. तो ऑन असला की १३ आला रे आला, प्रिंटर स्वतःहून कागदही सरकवतो. आता प्रोग्राम १३ आणि १० दोन्ही पाठवणारा असेल आणि स्विचही ऑन असेल, तर कागद दोनदा सरकतो. तुमच्याकडं हेच होऊन राहिलंय. उलट प्रकार याहून वाईट: प्रोग्राम फक्त १३ पाठवतो आणि स्विच ऑफ आहे. मग सगळ्या ओळी एकाच जागी एकमेकींवर छापल्या जातात, भरलेल्या गाडीच्या वजनावर रिकाम्या गाडीचं वजन, त्यावर निव्वळ वजन, आणि वाचता काही येत नाही. म्हणून स्विच फिरवून 'बघू काय होतं' असं हंगामात चालू काट्यावर करू नका. रात्री काटा बंद झाल्यावर करा.

तुमचा प्रोग्राम काय पाठवतो ते अंदाजानं ठरवायची गरज नाही, प्रिंटरच सांगतो. या जातीच्या प्रिंटरांत एक फार कामाची सोय आहे. प्रिंटर बंद करा. लाइन फीड आणि फॉर्म फीड ही दोन्ही बटणं दाबून धरा आणि तशीच धरून प्रिंटर सुरू करा. आता तो आलेली आज्ञा पाळत नाही, जे अक्षर येईल त्याचा सोळाच्या पद्धतीतला (हेक्स) आकडा छापतो. काट्यावरून एक पावती पाठवा. पानभर दोन-दोन अंकांच्या जोड्या येतील आणि उजव्या बाजूला वाचता येणारी अक्षरं. शेवटची अर्धी ओळ आतच अडकून राहते, ती ऑनलाइनचं बटण दाबलं की बाहेर येते. आता दर ओळीच्या शेवटी काय आहे ते शोधा. या पद्धतीत १३ हा '०डी' असा दिसतो आणि १० हा '०ए' असा. '०डी ०ए' अशी जोडी दिसली तर प्रोग्राम दोन्ही पाठवतो आणि तुमचा ऑटो लाइन फीडचा स्विच ऑफ हवा. नुसताच '०डी' दिसला तर स्विच ऑन हवा. आणि '०डी ०ए ०डी ०ए' अशी दुहेरी जोडी दिसली, तर रिकामी ओळ प्रोग्रामच मागतोय. प्रिंटरला दोष देऊन उपयोग नाही, पावतीचा साचा ज्यानं बनवला त्याला फोन करा. हे पान जपून ठेवा, पुढं दोनदा लागणार आहे.

एक चूक टाळा. नुसतं लाइन फीडचं बटण धरून प्रिंटर सुरू केला की तो स्वतःची चाचणी छापतो, ती बऱ्याच जणांना माहीत असते. त्या चाचणीत ओळी नीट आल्या म्हणून ऑटो लाइन फीडचा स्विच बरोबर आहे असं समजू नका. त्या वेळी बाहेरून कुणी काही पाठवतच नसतं, प्रिंटर आपल्याच मनानं छापतो. त्या चाचणीतून फक्त यंत्र कळतं: नऊही सुया मारतात का, कागद सारखा सरकतो का, रिबन फिरते का. केबल काढून ही चाचणी एकदा करून घ्या आणि यंत्राबद्दलची शंका मिटवून टाका.

ऑटो लाइन फीडचा स्विच वर सांगितलेल्या मॉडेलांत दुसऱ्या पट्टीतला ४ नंबरचा. तो ऑफ केला, प्रिंटर बंद करून चालू केला, हेक्सच्या पानावर '०डी ०ए' आहे याचीही खात्री केली, आणि तरीही ओळ दुहेरीच येते. असं झालं तर? बहुतेक जण इथं स्विच खराब आहे म्हणून प्रिंटर उघडतात. थांबा. केबलमधली १४ नंबरची तार पाहा.

समांतर पोर्टच्या जोडणीत संगणकाकडून प्रिंटरकडे ऑटो फीड नावाची एक वेगळी तार जाते. संगणकाच्या २५ पिनांच्या जोडणीत ती १४ नंबरची आणि प्रिंटरच्या ३६ पिनांच्या जोडणीतही १४ नंबरचीच. ती तार खाली ओढली गेली, म्हणजे तिच्यावर शून्याच्या आसपास व्होल्ट आले, की प्रिंटर दर १३ ला ओळ सरकवतो, मग स्विच ऑफ असला तरी. स्विच आणि तार, दोघांपैकी एकानं 'हो' म्हटलं की काम होतं. साध्या संगणकातून ती तार सहसा वरच असते. पण काट्याच्या वजनदर्शक पेटीतून थेट प्रिंटरला जोडलेल्या काही केबलींत ती जमिनीला बांधलेली मी पाहिलीय. कुणीतरी कधीतरी फक्त १३ पाठवणाऱ्या पेटीसाठी ती सोय केलेली असते. नंतर पेटी बदलते, केबल तीच राहते.

तपासणं सोपं आहे. दोन्ही यंत्रं बंद करून केबल प्रिंटरच्या बाजूनं काढा, मग फक्त संगणक किंवा पेटी सुरू करा आणि मल्टिमीटर डी.सी. व्होल्टवर लावा. केबलच्या त्या ३६ पिनांच्या टोकावर काळी तार १९ ते ३० पैकी कुठल्याही पिनेला, लाल १४ वर. चार-पाच व्होल्टच्या आसपास दिसलं तर ठीक (नव्या संगणकात तीनच्या पुढं-मागं). शून्य दिसलं तर चोर सापडला. केबलचं टोपण उघडून १४ ची तार सोडवा आणि टोकाला नीट इन्सुलेशन टेप लावा. प्रिंटरच्या आत बहुतेक ठिकाणी त्या पिनेला वर ओढून ठेवणारा रेझिस्टर असतो, त्यामुळे तार सुटली की ती आपोआप वर राहते आणि मग शब्द फक्त स्विचचा चालतो. केबल काढताना-लावताना दोन्ही यंत्रं बंद ठेवा. आपल्याकडं उन्हाळ्यात काळी माती वाळून भेगा पडल्या की अर्थिंग कमजोर होतं. संगणक एका सॉकेटवर आणि प्रिंटर दुसऱ्या खोलीतल्या सॉकेटवर असेल तर चालू असताना केबल जोडल्यानं पोर्ट जळू शकतो. जळलेला पोर्ट कुठल्याच स्विचनं परत येत नाही.

चौकटीच्या रेघांचं एका नजरेत कळतं. तुमच्या पावतीवर वरच्या रेघेच्या जागी तिरपा 'झेड', मग तिरप्या 'डी'ची लांब रांग आणि शेवटी तिरपं प्रश्नचिन्ह येतं का? उभ्या रेघेच्या जागी तिरपा ३ येतो का? येत असणारच. याचं कारण असं की १२८ च्या पुढच्या आकड्यांचे या प्रिंटरकडं दोन तक्ते आहेत. एका तक्त्यात चौकटीच्या रेघा आहेत, दुसऱ्यात नेहमीची अक्षरंच तिरपी करून ठेवलीत. आडव्या रेघेचा आकडा १९६. त्यातून १२८ वजा केले की ६८ उरतात, आणि ६८ म्हणजे 'डी'. उभी रेघ १७९, वजा १२८, उरले ५१, म्हणजे ३ हा अंक. कोपरा २१८, वजा १२८, ९० उरले, म्हणजे 'झेड'. प्रोग्राम रेघाच पाठवतोय, प्रिंटर दुसऱ्या तक्त्यात पाहतोय. पहिल्या पट्टीतला ३ नंबरचा स्विच सहसा या तक्त्याचा असतो. तो पलटवा. तिरपी अक्षरं गेली आणि रेघा आल्या की काम झालं.

आता पावती वर सरकण्याबद्दल. इथं आपल्या देशाचा कागद आणि परदेशी कारखान्याची समजूत यांचा मेळ बसत नाही. अमेरिकेतला सलग कागद ११ इंचांचा, म्हणून प्रिंटर कारखान्यातून ११ इंचांवर लावलेला येतो. आपल्याकडं बाजारात १० बाय १२ चा कागद मिळतो, म्हणजे पान १२ इंचांचं. प्रोग्रामनं 'पान संपलं' असं म्हटलं की प्रिंटर ११ इंच पुढं जाऊन थांबतो, पान मात्र अजून इंचभर शिल्लक असतं. पुढची पावती त्या उरलेल्या इंचातच सुरू होते. पट्टीनं मोजायचीही गरज नाही, कडेची भोकं मोजा. दोन भोकांमधलं अंतर अर्धा इंच असतं. फाडायच्या रेघेपासून रेघेपर्यंत २४ भोकं भरली तर पान १२ इंचांचं, २२ भरली तर ११. पानाच्या लांबीचा स्विच दुसऱ्या पट्टीतला १ नंबरचा. तो १२ इंचांवर लावा.

तुमच्या बाबतीत मला एक खूण महत्त्वाची वाटते. ओळी दुप्पट होऊनही सरक बरोब्बर इंचाचीच आहे. यावरून तुमचा प्रोग्राम शेवटी फॉर्म फीड, म्हणजे 'पान संपलं' ही आज्ञा, पाठवतो, आकडा १२, हेक्सच्या पानावर '०सी'. ओळी मोजून पान संपवणारा प्रोग्राम असता तर दुहेरी ओळींनी पावती कुठल्या कुठं गेली असती. खात्रीसाठी ते जपून ठेवलेलं पान पुन्हा काढा. शेवटी '०सी' दिसलं तर स्विचनं काम भागेल. '०सी' नसेल आणि नुसत्या '०ए'ची रांग असेल तर स्विचचा काही संबंध नाही. प्रोग्रामच्या सेटिंगात पानाच्या ओळी ६६ आहेत का पाहा आणि ७२ करा. इंचाला ६ ओळी, १२ इंचांना ७२.

सरक दर वेळी सारखी नसेल, कधी एक ओळ, कधी तीन, कधी तिरकी, तर स्विच सोडा आणि बाजूचा कागदाचा दांडा पाहा. सलग कागद लावला असताना दांडा ट्रॅक्टरवर, म्हणजे कडेच्या भोकांत दात घालून कागद ओढणाऱ्या चाकांवर, हवा. तो सुट्या कागदावर राहिला तर रबरी रूळही कागद ओढतो आणि ट्रॅक्टरचे दातही ओढतात. दोघांच्या ओढाताणीत भोकं फाटतात आणि कागद भरकटतो. अक्षर फिकट येत असेल तर दुसरा दांडा, हेड आणि कागदातल्या अंतराचा. कार्बनच्या तीन प्रतींसाठी तो वर नेलेला असतो आणि एका प्रतीवर आलं की खाली आणायचं कुणाच्या लक्षात राहत नाही. रिबन बदलण्याआधी हा दांडा पाहत जा.

वीज जाण्याचाही इथं संबंध आहे. प्रिंटर सुरू होतो तेव्हा कागद ज्या जागी असेल त्यालाच तो पानाचं डोकं समजतो. पावती अर्धी छापून झाली आणि लाइट गेली, परत आली, की त्याच्या लेखी पानाचं डोकं आता मधोमध आहे. त्यानंतरच्या सगळ्या पावत्या तेवढ्याच सरकलेल्या येतात आणि माणूस पुन्हा स्विचकडं धावतो. लाइट आल्यावर प्रिंटर बंद करा, रुळाच्या कडेची मूठ हातानं फिरवून फाडायची रेघ हेडच्या नेमकी वर आणा, मग सुरू करा. चालू प्रिंटरची मूठ हातानं फिरवू नका. मोटरनं रूळ धरून ठेवलेला असतो, आतल्या प्लास्टिकच्या दाती चाकांना ताण बसतो, आणि ती चाकं आता मिळत नाहीत.

हे सगळं बसलं की पुढची गोष्ट माझ्या आग्रहाची आहे. स्विच म्हणजे फक्त सुरुवातीची समजूत. प्रोग्रामकडून आज्ञा आली की तीच चालते. म्हणून पावती स्विचांच्या भरवशावर ठेवू नका. उद्या कुणी प्रिंटर पुसताना एखादा स्विच हलला तरी पावती बदलता कामा नये. बहुतेक काट्याच्या प्रोग्रामांत 'प्रिंटरचे सुरुवातीचे कोड' अशी एक जागा असते. तिथं दशमान आकडे टाका: २७, ६४ (प्रिंटर मूळ स्थितीवर आण), २७, ११६, १ (रेघांचा तक्ता घे), २७, ८२, ० (अमेरिकेची अक्षरं), २७, ६७, ०, १२ (पान १२ इंचांचं), २७, ७९ (पानाच्या शेवटी जागा सोडू नको). क्रम हाच ठेवा. २७, ६४ शेवटी टाकलं तर आधीचं सगळं पुसलं जाईल. आणि हे कोड पावतीच्या अगदी सुरुवातीलाच जाऊ द्या, मध्ये नाही, कारण पानाची लांबी सांगणारी आज्ञा जिथं येते तीच जागा पानाचं डोकं धरली जाते. शेवटच्या आज्ञेचं कारण असं: काही प्रिंटरांत दुसऱ्या पट्टीतला ३ नंबरचा स्विच पानाच्या शेवटचा इंच वगळतो. तुम्ही एका पानावर वर शेतकऱ्याची आणि खाली तुमची, अशा दोन प्रती छापता. खालच्या प्रतीतली शेवटची ओळ निव्वळ वजनाची असेल तर ती उडी मारून पुढच्या शेतकऱ्याच्या पानावर जाईल. ऑटो लाइन फीडला मात्र या आज्ञांत जागा नाही, तो स्विच हातानंच बरोबर लावावा लागतो.

मराठीत पावती हवी असं तुम्ही शेवटी लिहिलंय. या प्रिंटरच्या पोटात देवनागरी नाही. विंडोजमधून मराठी छापलं की संगणक अक्षरांचं चित्र करून पाठवतो आणि प्रिंटर ठिपक्या-ठिपक्यानं ते काढतो. वेळ लागतो, पण येतं. ड्रायव्हर निवडताना ९ पिनांचाच निवडा. २४ पिनांचा ड्रायव्हर लावला की ठिपक्यांमधलं अंतर जुळत नाही आणि अक्षरांत आडवे पांढरे पट्टे पडतात, शिरोरेषा एकीकडं आणि मात्रा दुसरीकडं. 'फक्त मजकूर' असा जो साधा ड्रायव्हर असतो तो मराठीसाठी चालत नाही. हंगामात मी सुचवेन की आकडे आणि मथळे इंग्रजीतच जलद छापा आणि 'भरलेलं वजन, रिकामं वजन, निव्वळ वजन' हे मराठीत आधीच छापून घेतलेला कागद वापरा. रांगेतल्या माणसाचा वेळ वाचतो आणि त्याला वाचताही येतं.

जिनिंगच्या शेजारी एक त्रास कायम राहणार, रुईच्या तंतूंचा. ते कागदाच्या सेन्सरवर बसले की कागद असूनही प्रिंटर 'कागद संपला' म्हणून ओरडतो. हेडच्या दांड्यावर बसले की छपाई वाकडी होते. आठवड्याला एकदा मऊ ब्रशनं झाडा. फुंकर मारू नका, ओलसर तंतू आत आणखी घट्ट बसतात. दांड्याला खोबरेल लावू नका, धूळ धरून त्याचा गोंद होतो. शिलाई मशीनचं तेल एक थेंब, तेही कापडाला लावून. स्विचही पंधरा-वीस वर्षं न हललेले असतील तर आत गंजाचा थर येतो. प्रिंटर बंद ठेवून, आयसोप्रोपिल अल्कोहोलचा एक थेंब सोडून, प्रत्येक स्विच दहा-बारा वेळा इकडून तिकडं हलवा, मग नोंदीप्रमाणे जागेवर आणा. कधी कधी स्विच ऑनवर दिसतो आणि आत टेकलेलाच नसतो.

आज रात्री काटा बंद झाल्यावर आधी स्विचांचा फोटो, मग हेक्सचं पान, मग देशाचे तीन स्विच, मग लाइन फीड, मग तक्ता, शेवटी पानाची लांबी, असं एकेक करत जा. प्रत्येक बदलानंतर एक पावती छापून तिच्या मागं लिहा की काय हलवलं. एवढं करून दुहेरी ओळ गेली नाही तर १४ नंबरच्या पिनेवर मीटर किती दाखवतो आणि हेक्सच्या पानावर ओळीच्या शेवटी काय दिसतं, एवढं कळवा. केबलचा आणि वजनदर्शक पेटीच्या मागच्या जोडणीचा फोटोही पाठवा. पुढचं त्यावरून सांगतो.